नऊ-सीचं गिऱ्हाईक

फोन खाली ठेवला तेव्हा हॅरिएट लोवेन्थालच्या हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं. ते तिनं नव्याकोऱ्या संगमरवरी ओट्यावर असं आपटलं की रस उडून पांढऱ्या भिंतीवर गेला. पुसायला फडकं घ्यावं असंही तिला वाटलं नाही.

फोन कॅन्डेसचा होता. कॅन्डेस म्हणजे तिचं नवव्या मजल्यावरचं घर, नऊ-सी, विकायला घेतलेली एजंट. मध घोळवून बोलायची तिला सवय होती, पण आज तिचाही आवाज कोरडा पडला होता.

"कमिटीनं नाही म्हटलंय, हॅरिएट."

"कुणाला नाही म्हटलंय?"

"डॉक्टरांना. ब्रेथवेटना."

"का?"

"का म्हणून काय विचारता? कारण देत नाहीत ते, तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. तुम्ही मन लहान करू नका. येत्या रविवारी परत घर दाखवायला उघडू, दुसरं कुणी..."

"मन लहान झालेलं नाही माझं, कॅन्डेस. डोकं फिरलंय."

न्यूयॉर्कमधल्या वेस्ट एंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या त्या इमारतीत घर विकणं म्हणजे लग्न जमवण्याहून अवघड काम. घरमालकानं गिऱ्हाईक शोधायचं, दोघांचं जमायचं, वकिलांनी कागद करायचे, आणि मग गिऱ्हाइकानं सोसायटीच्या कमिटीपुढं उभं राहायचं. चेअरमनच्या दिवाणखान्यात बोलावतात, चहा-बिस्किटं देतात, गोड गोड चार प्रश्न विचारतात. नंतर कळवतात, हो किंवा नाही. नाही म्हटलं तर कारण सांगायचं नाही, असा रिवाज. घर तुमचं, पैसे त्याचे, आणि फाटकाची किल्ली तिसऱ्याच्याच खिशात.

महायुद्धाच्या आधी बांधलेली इमारत होती ती. भिंती हातभर जाड, उंच छत, लाकडी नक्षीची जमीन, हिवाळ्यात वाफेनं तापणारे आणि पहाटे ठणठण वाजणारे लोखंडी हीटर. हॅरिएट नवरी होऊन या घरात आली, शाळेत गणित शिकवत इथंच म्हातारी झाली, आणि तिचा नवरा मॉरिस इथूनच गेला. आता रॉचेस्टरला राहणारी तिची धाकटी बहीण फ्रान्सिस पडून खुबा मोडून घेऊन बसली होती आणि रोज फोनवर विचारत होती, कधी येतेस? हिवाळ्याच्या आत, असं हॅरिएटनं तिला सांगून ठेवलं होतं.

पण जुन्या घराला हल्ली कुणी विचारत नाही म्हणून कॅन्डेसनं तिला कर्ज काढायला लावलं आणि घर नवं केलं. मोलकरणीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत पाडली. न्हाणीघरातल्या हिरव्या फरशा उचकटल्या. मॉरिसची पुस्तकं खोक्यांत भरून गोदामात पाठवली. सगळं पांढरं केलं. मग भाड्यानं सोफा आणला, भाड्यानं चित्रं आणली, आणि ओट्यावर लिंबांचं एक भांडं ठेवलं. लिंबं वापरायची नाहीत, दाखवायची. स्वयंपाक करायचा नाही, वास मुरतो. घर विकलं जाईपर्यंत हॅरिएट स्वतःच्याच घरात पाहुणीसारखी संत्री सोलून खात होती.

आणि घर दाखवायच्या रविवारी तर मालकानं घरात थांबायचंच नसतं. कॅन्डेसनं तिला पर्स हातात देऊन बाहेर काढलं होतं. हॅरिएट खाली गेली, कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफी प्याली, तिचं डोकं गरम झालं, आणि बघ्यांच्या गर्दीबरोबर ती परत वर आली. दारात सगळ्यांसारखे निळे प्लास्टिकचे मोजे बुटांवर चढवले आणि आपल्याच घरात गिऱ्हाईक म्हणून शिरली.

स्वयंपाकघरात एक उंच काळा माणूस ओट्याकडे बघत उभा होता. शेजारी त्याची बायको, खिडकीतून नदीचा तुकडा दिसतो का ते पाहत होती.

"माझी आई इथं आली असती," तो हॅरिएटला म्हणाला, जणू वर्षानुवर्षांची ओळख, "तर म्हणाली असती, ऑपरेशन कुठं करतात ते कळलं, आता जेवण कुठं करतात ते दाखवा."

हॅरिएट इतकी हसली की कॅन्डेसनं मान वळवून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"कमळासारखी नळाची तोटी आहे," हॅरिएट म्हणाली, "आणि कांदा चिरायला जागा नाही. जुना ओटा बरा होता. मी इथं चाळीस वर्षं राहिलेय, म्हणून सांगते."

"म्हणजे घर तुमचं?"

"ओरडू नका. मला हाकलून देतील."

तो एव्हर्टन ब्रेथवेट. मुलांच्या हाडांचा डॉक्टर. आईवडील बार्बाडोसहून ब्रुकलिनला आलेले. बायको मार्सिया, वकील. मुलगी जवळच्या शाळेत जाणार होती, त्याचं रुग्णालयही इथून जवळ. हॅरिएटनं त्यांना हीटर पहाटे कसे वाजतात ते सांगितलं, कुठली खिडकी पावसात गळते तेही सांगितलं. कॅन्डेस मागून डोळे वटारत होती. त्या संध्याकाळी हॅरिएटनं कॅन्डेसला बजावलं, "यांनाच द्यायचं. आणि किंमत एक लाख डॉलरनं कमी सांग. तरुण माणसं आहेत, पोरगी आहे, ओझं होईल."

"त्यांनी मागितलं नाही हो!"

"मी देतेय ना? घर माझं आहे."

आणि आता कमिटी म्हणत होती, नाही.

हॅरिएटनं चपला बदलल्या नाहीत, केसही विंचरले नाहीत. तशीच लिफ्टनं दहाव्या मजल्यावर गेली. चेअरमन लेनर्ड प्रेसमन तिच्या डोक्यावरच राहत होता. दातांचा डॉक्टर, आता निवृत्त. त्याची बायको डोरिस गेली तेव्हा आठवडाभर हॅरिएटनंच त्याच्याकडे सूप पोचवलं होतं. त्याच्या दारावर एक पाटी होती, इथं सगळ्यांचं स्वागत आहे, सात भाषांत. तिनं त्या पाटीवरच मूठ मारली.

"हॅरिएट! ये, ये. चहा?"

"तुझा चहा गिऱ्हाइकांना दे. नाही का म्हणालास, लेनी?"

"मी नाही म्हणालो. कमिटी म्हणाली."

"कमिटी म्हणजे तू, तुझा भाचा, आणि तू हो म्हटलं की हो म्हणणारी तीन माणसं. का?"

लेनर्डनं चष्मा काढून पुसला. दातात सुई घालण्याआधी तो पेशंटशी असाच हळू बोलत असणार. "हे बघ. कारण सांगत नाही आपण. वकिलानंच सांगितलंय. एकाला सांगितलं की उद्या दुसरा कोर्टात जाईल."

"मी कोर्टात जात नाही. मी तुझ्या दारात उभी आहे."

"तू दमली आहेस. घर विकणं सोपं नसतं. फ्रान्सिसची काळजी..."

"फ्रान्सिसला मध्ये आणू नकोस! तो माणूस तुझ्या दिवाणखान्यात बसून गेला. काय विचारलंस त्याला?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे काय?"

चष्मा परत नाकावर चढवत तो म्हणाला, "वातावरण जमलं पाहिजे, हॅरिएट. इमारत म्हणजे एक कुटुंब असतं."

हॅरिएटला वाटलं, याच्या तोंडातले सगळे दात आपण हातानं उपटावेत. जन्मभर ज्याच्या शेजारी काळ्यांच्या हक्कांच्या मोर्च्यात चालली, ज्याच्याबरोबर फलक रंगवले, तोच आज वातावरणाची भाषा करत होता. तो बोलला असता की मला काळे नकोत, तर तिनं त्याच्या थोबाडात मारली असती आणि विषय संपला असता. हे असं गुळगुळीत बोलणं हातातच येत नव्हतं, ओल्या साबणासारखं निसटत होतं.

"तुझी कमिटी मी बदलेन," ती म्हणाली.

लेनर्ड खरंच हसला. "वार्षिक सभेत? ये की. मी पण येतो, माझा भाचा पण येतो. कोरम कुठून आणशील?"

त्याचं हसणं खोटं नव्हतं. दरवर्षी शरदात सभेची नोटीस लिफ्टमध्ये लागायची. अर्ध्याहून जास्त घरांची माणसं हजर असली तरच सभा. कुणी यायचंच नाही. कुणाला नाटकाची तिकिटं असायची, कुणी गावच्या घरी गेलेलं, कुणाला कंटाळा. खाली लॉबीत सातआठ माणसं जमायची, कोरम नाही म्हणून घोषणा व्हायची, आणि जुनीच कमिटी पुढं चालू राहायची. लेनर्ड कधी निवडून आला होता हे आता त्यालाही आठवत नसावं.

हॅरिएट खाली उतरली ती आपल्या मजल्यावर थांबलीच नाही. लॉबीत दरवान अन्सेल्मो टपाल लावत होता.

"मिसेस एल, बरं आहे ना? चेहरा लाल झालाय."

"सभा कधी आहे, अन्सेल्मो?"

"पुढच्या गुरुवारी. कुणी येत नाही."

"या वेळी खुर्च्या जास्त काढ."

"किती जास्त?"

"आहेत तेवढ्या सगळ्या."

त्या आठवड्यात ती दारोदार गेली. वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये नुसती मान हलवलेली माणसं, त्यांच्या दारांत ती आता ठाण मांडून उभी राहिली. पाचव्या मजल्यावरच्या बर्निस ड्युब्रोनं दार किलकिलं केलं, कुत्र्याचं तोंड आधी बाहेर आलं.

"सभा? बाई गं. तिथं नुसते पाइपांविषयी बोलतात."

"या वेळी माणसांविषयी बोलणार आहोत."

"ते तर आणखी कंटाळवाणं."

"बर्निस, उद्या तू घर विकायला काढलंस आणि लेनीला तुझं गिऱ्हाईक आवडलं नाही, तर?"

बर्निस विचारात पडली. "खायला काय आहे?"

हॅरिएटला तिथंच उमगलं. न्यूयॉर्कच्या या भागातली माणसं न्यायासाठी येतीलच असं नाही, पण फुकटच्या जेवणासाठी खुर्ची धरून बसतील. "कुगल," ती म्हणाली. "माझ्या आईचा. शेवया, अंडी, चीज, मनुका, वर दालचिनी."

"मनुका घालतेस? मी येते," बर्निस म्हणाली. "मनुका न घालणाऱ्यांकडे मी जात नाही."

गुरुवारी सकाळपासून तिनं ओव्हन पेटवला. नवा, चकचकीत, कॅन्डेसनं कधीच वापरू नका म्हणून सांगितलेला. लिंबांचं भांडं उचलून तिनं जमिनीवर ठेवलं, कारण ओट्यावर खरंच जागा नव्हती. अंडी फोडताना तिला लेनर्डचं टक्कल आठवत होतं. शेवया उकळल्या, लोणी वितळलं, ताटांवर ताटं ओव्हनमध्ये गेली आणि बाहेर आली. घराचं मुख्य दार तिनं मुद्दाम सताड उघडं ठेवलं. दालचिनीचा वास जिन्यातून खाली गेला, लिफ्टच्या पोकळीतून वर गेला. दुपारी कॅन्डेस आली आणि दारातच नाक धरून उभी राहिली.

"हॅरिएट, हे काय करताय? रविवारी बघायला लोक येणार आहेत!"

"आले तर त्यांनाही देईन. ताट धर."

संध्याकाळी लॉबीतल्या खोट्या शेकोटीपाशी लेनर्ड कागद घेऊन उभा होता. लिफ्ट उघडली की माणसं बाहेर येत होती, आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा थोडा आणखी उतरत होता. अन्सेल्मोनं तळघरातून आणलेल्या घडीच्या खुर्च्या संपल्या, तेव्हा काही जण जिन्याच्या पायऱ्यांवर बसले. सगळ्यांच्या मांडीवर कागदी बशा. कोरम झाला. कमिटीतल्या एकानं दोनदा मोजलं, तरी झालाच.

लेनर्डनं पाइपांचा विषय काढला. हॅरिएट उभी राहिली.

"पाइप नंतर. मला माझ्या गिऱ्हाइकाविषयी विचारायचंय. त्याला नाही का म्हटलंत?"

"हॅरिएट, मी तुला सांगितलंय..."

"मला नको सांगूस. यांना सांग."

बशांतून चमचे थांबले. लेनर्डनं खोकून घसा साफ केला. तो काही मूर्ख नव्हता. त्यानं वकिलाचं नाव न घेता सरळ लोकांकडे तोंड केलं.

"ठीक आहे. विचारताय तर ऐका. हे घर किमतीहून एक लाख डॉलर कमीला चाललं होतं. तुमच्या शेजारचं घर स्वस्तात गेलं तर उद्या तुमच्या घराची किंमत कोण किती लावेल? मी तुमचंच रक्षण केलं. माणूस कोण आहे याच्याशी माझा काही संबंध नाही."

लॉबीत कुजबुज सुरू झाली. कुगल खाणारीच तोंडं आता तिच्याकडे संशयानं बघायला लागली. "लाख?" कुणी तरी म्हणालं. "खरंच का, हॅरिएट?" बर्निसनंही मान वळवली, कुत्रं मांडीवर घट्ट धरून.

आपण दिलेली सूट आपल्याच अंगावर उलटेल असं हॅरिएटच्या ध्यानीमनी नव्हतं. पण रागानं तिला सावरलं.

"बरोबर. लाख कमी," ती म्हणाली. "आणि दोन वर्षांपूर्वी सहाव्या मजल्यावरचं वाल्डमनबाईंचं घर त्यांच्या पुतण्याला गेलं, ते याहून स्वस्त गेलं. तेव्हा तू मिठ्या मारल्यास, लेनी. दारात फुलं ठेवलीस. तेव्हा आमच्या घरांची किंमत पडली नाही का? पुतण्याच्या गोऱ्या चेहऱ्यावर काय वेगळा भाव लिहिला होता?"

वाल्डमनचा पुतण्या मागच्या रांगेत होता, त्यानं बशी खाली ठेवली.

"ही शिवी आहे, हॅरिएट," लेनर्ड म्हणाला. "तू मला ओळखतेस."

"ओळखते, म्हणून तर माझं रक्त उकळतंय!"

मग बराच गोंधळ झाला. कुणी पाइपांवर ओरडलं, कुणी लेनर्डच्या भाच्यावर. चार वर्षांपूर्वी कमिटीनं आपली बाल्कनीतली झाडं काढायला लावली याचाही राग एका बाईनं त्याच रात्री काढून घेतला. शेवटी मतं झाली. लेनर्ड थोडक्यात पडला, त्याचा भाचा जास्त पडला, आणि बर्निस ड्युब्रो, जिला सभांचा कंटाळा होता, ती चेअरमन झाली. तिनं पहिली गोष्ट विचारली ती उरलेल्या कुगलची.

दुसऱ्या दिवशी हॅरिएटनं डॉक्टरांना फोन केला. या, म्हणाली, आनंदाची बातमी आहे, फोनवर सांगणार नाही. ते संध्याकाळी रुग्णालयातून सरळ आले. कोट न काढताच स्वयंपाकघरात उभे राहिले. घरात अजून दालचिनीचा वास होता.

तिनं सगळं सांगितलं. लेनर्डनं लाखाचं निमित्त कसं काढलं, त्याचं तोंड कसं पडलं, वाल्डमनच्या पुतण्याचं काय झालं, बर्निस कशी चेअरमन झाली आणि आता कमिटी कशी हो म्हणणार. सांगताना ती स्वतःशीच हसत होती. डॉक्टर हसले नाहीत.

"तुम्हाला आनंद झाला नाही का?"

"मिसेस लोवेन्थाल, त्यांनी मला काय विचारलं सांगू? सणावारांना तुमच्याकडे किती पाहुणे येतात. गाणी मोठ्यानं लावता का. मी उत्तरं दिली. मार्सिया उत्तरं देत होती आणि टेबलाखाली माझं मनगट दाबत होती. पण ते जाऊ दे. ते लाखाचं काय? ते कुणी म्हटलं?"

"किंमत? ती मी कमी केली."

"मला कॅन्डेसनं सांगितलं, किंमत उतरलीय. मला वाटलं, सगळ्यांसाठीच."

"नाही, नाही. तुमच्यासाठी." ती अजून अभिमानानं सांगत होती. "तुम्ही मला आवडलात. तरुण, पोरगी आहे, म्हटलं ओझं होईल."

"आमच्याआधी कुणी विचारलं होतं?"

"होतं की. एक बँकवाला मुलगा, त्याची बायको. त्यांना गाडीला जागा हवी होती म्हणून गेले."

"वय?"

"तुमच्याहून लहानच."

"त्यांना किती सांगितलीत?"

गणिताची मास्तरीण ती, उत्तर तिला लगेच कळलं आणि तोंडातून बाहेर काढता येईना.

"पहिली होती तीच," ती म्हणाली.

डॉक्टर ओट्याकडे बघत राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त झोंबलं. "माझा पगार त्या बँकवाल्याच्या दुप्पट असेल. तुम्ही मला काही विचारलंही नाही. नुसतं पाहिलंत आणि ठरवलंत."

"डॉक्टर, मी तुमच्यासाठी भांडले! चाळीस वर्षांची मैत्री मोडली! दोन दिवस पाय सुजलेत माझे!"

"माहीत आहे. पण त्या लाखाशिवाय त्यांना बोलायला तोंडच नव्हतं. ते तोंड तुम्ही त्यांना दिलंत."

"मग काय करू? पाया पडू तुमच्या?"

"नको. आता मी इथं राहायला आलो तर लिफ्टमधल्या प्रत्येकाला वाटणार, हा तो, ज्यानं रडून किंमत पाडली. मार्सियाला या खिडक्या हव्यात. मला या खिडक्यांत उभं राहून असं वाटून घ्यायचं नाही. त्यांना सांगाल? कुणी पाडली, आणि का?"

"सगळ्या इमारतीला?"

"तुम्हीच बोलावलं होतंत ना त्यांना."

हॅरिएटला इतका राग आला की तिनं दार उघडलं आणि हातानं रस्ता दाखवला. इतकं करून वर ही परतफेड? त्यानं माफीही मागितली नव्हती, आभारही मानले नव्हते. डॉक्टर कोटाची बटणं लावत निघून गेले. ती रात्रभर त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत राहिली, आणि पहाटे हीटर ठणठणायला लागले तरी तिचं एकही उत्तर तिला पटलं नव्हतं.

सकाळी दूध आणायला ती लिफ्टमध्ये चढली. आत लेनर्ड होता. सहाव्या मजल्यावर वाल्डमनचा पुतण्या आत आला, पाचव्यावर बर्निस कुत्र्यासकट. लिफ्ट परत खाली जायला लागली. लेनर्डनं तिच्याकडे पाहिलं नाही, पण राहवलंही नाही त्याला.

"काय, परत आला का तुझा डॉक्टर? लाख कमीचं खरेदीपत्र घेऊन?"

हॅरिएटचा संताप असा उसळला की तिला आपण कुणावर ओरडतोय हेही कळलं नाही.

"त्यानं एक पै मागितली नव्हती, लेनी! ऐकलंस? एक पै नाही! तो पूर्ण किंमत देणार होता. मी कमी केली. मी! त्याचा चेहरा पाहिला आणि ठरवलं, याच्याकडे नसणार! बँकेतल्या गोऱ्या पोराला मी नाही कमी केली, त्याला केली! आता हस!"

लेनर्ड हसला नाही. लिफ्ट लॉबीत थांबली, दार उघडलं, तरी कुणी बाहेर पडेना. कुत्र्यानं हॅरिएटच्या बुटाचा वास घेतला.

"म्हणजे तुझ्या मनुका खाऊन मी उगाचच चेअरमन झाले," बर्निस शेवटी म्हणाली आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली. "कमिटीत मी काय लिहू मग?"

"जे ऐकलंस ते लिही. किंमत पूर्ण."

लेनर्ड हळूच म्हणाला, "हॅरिएट..."

"बोलू नकोस माझ्याशी. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. त्यात आता माझा मिळालाय."

दूध न घेताच ती वर आली आणि फोन लावला. डॉक्टर पेशंट तपासत होते, तिला बराच वेळ फोनवर थांबवलं. तिनं फोन ठेवला नाही.

"हं, बोला, मिसेस लोवेन्थाल."

"सांगितलं. लिफ्टमध्ये. दहावा मजला, सहावा मजला आणि बर्निस ड्युब्रो. बर्निसला सांगितलं म्हणजे जेवणापर्यंत तळघरालाही कळेल."

पलीकडे पोरगं कुणी तरी रडत होतं, डॉक्टर त्याला काही तरी म्हणाले. मग परत आले. "किंमत?"

"पहिली होती ती. एक डॉलर कमी नाही."

"मार्सियाला विचारतो."

"विचारा. पण लवकर विचारा," हॅरिएट म्हणाली, आणि तिचा आवाज अजून चढलेलाच होता. "मला या इमारतीतून बाहेर पडायचंय."